काट्याचा आकडा आणि तारेची निवड



आपली गाडी काट्यावर चढली की आकडा दिसतो, पावती निघते आणि तोच आकडा हिशेब खात्यात जातो. आपले उसाचे बिल त्यावरच ठरते. तेव्हा हा आकडा नेणारी तार कसली असावी, हा प्रश्न एकट्या इंजिनिअर साहेबांचा नाही. वजनकाटे आणि विजेचे इलेक्ट्रॉनिक मीटर संगणकाला जोडताना आम्ही काय विचार केला, ते थोडक्यात सांगतो.

जोडणीच्या दोन पद्धती रुळलेल्या आहेत. पहिली आरएस-२३२, १९६० सालची. हिच्या दोन टोकांना दोनच यंत्रे बसतात आणि साधारण १५ मीटरपर्यंत ती भरवशाची. काट्याच्या केबिनमधल्या संगणकाला ती पुरते. पण मिल हाऊस ओलांडून न्यायची म्हटली, की मोठ्या मोटारींच्या विजेचा उपद्रव तारेत शिरतो नि आकडे बिघडू शकतात.

दुसरी आरएस-४८५, १९८३ सालची. हिच्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्या विद्युतदाबातला फरक तेवढा वाचला जातो. उपद्रव दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो, त्यामुळे फरक टिकतो. बैलगाडीत शेजारी उभ्या दोघांना धक्का सारखाच बसतो, पण त्यांच्या उंचीतला फरक काही बदलत नाही, तसेच हे! वेग कमी ठेवला तर ही तार १२०० मीटरपर्यंत चालते आणि एका जोडीवर ३२ उपकरणे बसतात. लांबच्या मीटरांसाठी आम्ही हीच धरली.

मात्र ती एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीनेच न्यावी, फांद्या फोडू नयेत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावावा, नाहीतर संदेश टोकावरून उलटा फिरतो.

शिवाय तार म्हणजे नुसता रस्ता. सगळ्या मीटरांची बोलीही एक हवी. मॉडबस ही १९७९ सालची बोली पुष्कळ मीटरांना येते. तिच्यात प्रत्येक निरोपाच्या शेवटी ताळा असतो. ताळा जुळला नाही तर तो निरोप टाकून संगणक पुन्हा विचारतो. नवीन मीटर घेताना म्हणूनच तार आणि बोली दोन्ही विचारून घ्याव्यात.

एवढे करूनही शेवटची तपासणी आपलीच. काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा ताडून पाहा. फरक दिसला तर गाडी हलवण्याआधी तिथेच सांगा. संकोच करू नका, ऊस आपला आहे आणि काटाही आपलाच आहे.