विज्ञानाच्या तासाचे नवे माप

'मानक' हा शब्द सरकारी कागदावर दिसला की शाळेतल्या माणसाला प्रथम आठवतो तो तक्ता. आणखी एक तक्ता भरून, सही करून, अमुक तारखेच्या आत वर पाठवावयाचा! ज्याची वीस वर्षे फायलींच्या संगतीत गेली, अशा माझ्यासारख्याने ही भीती अनाठायी आहे असे सांगितले, तर त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून तसे सांगत नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, शालेय विज्ञानाची जी नवी मानके आली आहेत ती तक्त्यात मावणाऱ्या जातीची नाहीत. आणि ती तक्त्यात कोंबण्याचा यत्न झाला तर त्यांतले मोलाचे तेवढेच नेमके बाहेर राहील.

२०२० च्या जुलैत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. त्याला अनुसरून २०२३ च्या ऑगस्टमध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दिल्लीत प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिसरी ते पाचवीपर्यंत परिसर, समाज आणि विज्ञान यांचा एकच संयुक्त विषय असावयाचा, आणि सहावीपासून विज्ञान स्वतंत्रपणे शिकवावयाचे. एन.सी.ई.आर.टी.चे सहावीचे नवे पुस्तक २०२४ मध्ये निघाले, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. इंग्रजी पुस्तकाचे नाव 'क्युरिऑसिटी', हिंदीचे 'जिज्ञासा'. महाराष्ट्रात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून, पहिलीच्या वर्गापासून आरंभ करून, टप्प्याटप्प्याने येत आहे.

मग बदलले काय? पूर्वी अभ्यासक्रम म्हणजे प्रकरणांची यादी असे: चुंबक, पाणी, वनस्पती, प्रकाश. यादी संपली की वर्ष संपले. नव्या आराखड्यात प्रत्येक टप्प्यासाठी उद्दिष्टे दिली आहेत, आणि प्रत्येक उद्दिष्टाखाली क्षमता. क्षमता म्हणजे मुलाला काय करता आले पाहिजे ते. पदार्थ, भौतिक जग, सजीव सृष्टी, आरोग्य ही परिचित क्षेत्रे त्यात आहेतच. त्यांच्या जोडीला दोन उद्दिष्टे अशी आहेत की जी कोणत्याही एका धड्यात सापडणार नाहीत. मुलाने स्वतः शोध घ्यावा, हे एक. आणि आपला प्रश्न, आपले निरीक्षण, आपला निष्कर्ष दुसऱ्यास समजेल असा मांडावा, हे दुसरे.

उदाहरण घेऊ. सहावीच्या पुस्तकात लांबीच्या मापनाचे प्रकरण आहे. त्यावरचा आपल्या ओळखीचा प्रश्न असा: लांबीचे मानक एकक कोणते? उत्तर, मीटर, गुण, एक. ज्या मुलाने जन्मात कधी मीटरपट्टी हाती धरली नाही त्यालाही तो गुण मिळे. आता प्रश्न असा विचारून पाहा: वर्गातला एकच बाक गणूला सात विती भरला आणि सुमनला आठ; चुकले कोण? वर्ग प्रथम दोन पक्षांत विभागला जाईल. मग कोणीतरी दोघांचे तळवे एकमेकांना लावून पाहील. कोणीच चुकलेले नाही, तरीही दोघांचे आकडे जुळत नाहीत, ही अडचण मुलांच्या पुरती ध्यानात आली म्हणजे मानक एकक कशासाठी लागते हे सांगावे लागत नाही. त्याच्या पुढचा प्रश्न: पट्टीचे शून्याकडचे टोक झिजून गेले असेल, तर त्याच पट्टीने पेन्सिल कशी मोजाल? याचे उत्तर पाठ करता येत नाही, ते करूनच दाखवावे लागते. क्षमता म्हणतात ती ही.

दुसरे उदाहरण जरा लांबवर नेणारे आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सर्वजण सहज म्हणतो, आणि मुलेही तेच लिहितात. वस्तुतः दिल्लीत सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून एकदाही येत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. येथे २१ जूनला मध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची सावली नऊ सेंटिमीटरांच्या आसपास उरते, आणि डिसेंबरच्या २२ तारखेला तीच सव्वा मीटरहून थोडी अधिक होते. उलट महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे वर्षातून दोन दिवस ही सावली नाहीशी होते. पुण्यात मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात. आणि मग पुन्हा जुलैत. (त्यांपैकी पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी आकाशात ढग असतात! त्यास अभ्यासक्रम समितीचा इलाज नाही.) म्हणजे करोलबागेत राहणाऱ्या मराठी मुलाने आणि नागपुरातल्या त्याच्या मावसभावाने एकाच उंचीच्या काठ्या रोवून वर्षभर सावल्या मोजल्या, तर दोघांच्या वह्यांत निरनिराळे आकडे येतील, आणि दोन्ही खरे असतील. दिल्लीत बसून लिहिलेले कोणतेही पुस्तक हे आकडे त्या दोघांना देऊ शकत नाही. ते काम अंगणाचे आहे, आणि शिक्षकाचे.

हा विचार आज प्रथमच सुचला आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करावे अशी शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. विज्ञान सक्तीचे झाले. परंतु सक्तीने पाठांतरही वाढले.

याहून अधिक बोधप्रद हकीकत मध्य प्रदेशातील आहे. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. दिल्ली विद्यापीठातील अध्यापक तेथे जाऊन खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर बसत. १९७८ मध्ये हा उपक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला. मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते प्रयोग नव्हेत. प्रयोग अनेकांनी केले आहेत. महत्त्वाची ती परीक्षा. मुलाने पुस्तक उघडून परीक्षेला बसावे, आणि प्रात्यक्षिकही करून दाखवावे! पुस्तक समोर असताना ज्याचे उत्तर त्यात आयते मिळत नाही, असा प्रश्न काढणे किती कठीण असते ते एकदा काढून पाहावे. तीस वर्षे हे काम चालले आणि २००२ मध्ये राज्य शासनाने ते बंद केले. शासनाचा सेवक या नात्याने मी एवढेच म्हणेन की, एखादी चांगली पद्धत रुजविण्यास तीस वर्षे लागतात, ती उठविण्यास एक आदेश पुरतो.

म्हणून नव्या मानकांचा कस प्रश्नपत्रिकेवर लागणार आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीतही क्षमतांवर आधारलेल्या प्रश्नांचा वाटा पन्नास टक्के केला आहे. सहावी-सातवीच्या प्रश्नपत्रिका मात्र शाळाच काढतात. तेथे मंडळ येत नाही. तेथे मुख्याध्यापक असतात.

मुख्याध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. एका शाळेत प्रयोगाच्या साहित्याचे कपाट मला मोठ्या अभिमानाने दाखविण्यात आले होते. काचा लखलखीत, नोंदवही अद्ययावत, एकही परीक्षानळी फुटलेली नाही. फुटणार कशी? कपाटाची किल्ली कार्यालयात असे. साहित्य फुटले तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून होईल, ही भीती जोपर्यंत आहे तोपर्यंत कोणताही शहाणा शिक्षक ते मुलांच्या हाती देणार नाही. साहित्य वापरात फुटते हे गृहीत धरून त्यासाठी वर्षाच्या आरंभीच थोडी रक्कम राखून ठेवावी. आणि वर्गाची पाहणी करताना 'किती धडे झाले?' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून, 'या आठवड्यात मुलांनी तुम्हाला न येणारा कोणता प्रश्न विचारला?' असे शिक्षकास विचारावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळणार नाही. शिक्षकाला वाटेल, आपली उलटतपासणी चालली आहे. त्यानंतर एखादे दिवशी तो सांगेल की, पाचव्या बाकावरच्या मुलीने विचारले, ढगाळ दिवशी सावली जाते कोठे. आणि त्यावर तास संपला तरी वर्ग हलेना.