खेळाचा दुभाषी

दोन माणसांची भाषा निराळी असली, की मध्ये दुभाषी लागतो. तो एकाचे बोलणे ऐकतो आणि दुसऱ्याला समजेल अशा भाषेत सांगतो. तुम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकता. त्यामुळे घरच्या किंवा शेजारच्या माणसांसाठी हे काम तुम्ही कधी ना कधी केले असेल. यंत्रांच्या जगातही असा दुभाषी असतो. त्याला 'एम्युलेटर' म्हणतात. एका यंत्रासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालवणे हे त्याचे काम. तो हे कसे करतो आणि त्याची गरज का पडते, हे आपण एका छोट्या खेळयंत्राच्या उदाहरणावरून पाहू.

जपानमधील क्योटो शहरात निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. 1889 साली सुरू झाली, तेव्हा ती खेळण्याचे पत्ते बनवत असे. पुढे ती विजेवर चालणारे खेळ बनवू लागली. 21 एप्रिल 1989 रोजी तिने 'गेम बॉय' हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आणले. गुनपेई योकोई आणि त्यांचे सहकारी यांनी ते तयार केले होते. त्याचा पडदा लहान होता. त्यावर आडवे 160 आणि उभे 144 ठिपके मावत. चित्रे एकाच रंगाच्या चार छटांत दिसत. नव्या आणि महाग भागांच्या मागे न लागता स्वस्त व खात्रीचे भाग कल्पकतेने वापरावेत, असे योकोई यांचे मत होते. म्हणून हे साधे यंत्र चार पेन्सिल सेलवर पुष्कळ तास चाले. गेम बॉय आणि नंतरचा रंगीत गेम बॉय मिळून 11 कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

गेम बॉयचे खेळ यंत्रात नसत. प्रत्येक खेळ एका चपट्या डबीत मिळे. या डबीला 'कार्ट्रिज' म्हणतात. तिच्या आत 'रॉम' नावाची चिप असते. रॉममधील मजकूर वाचता येतो, पण बदलता येत नाही. हा मजकूर म्हणजे आकड्यांची एक लांब ओळ. त्यातील प्रत्येक आकडा 0 ते 255 यांपैकी एक असतो. अशा एका आकड्याला 'बाइट' म्हणतात. 'टेट्रिस' हा प्रसिद्ध खेळ अवघ्या 32,768 बाइटांत मावला होता. काही आकडे म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा, काही म्हणजे चित्रे, तर काही म्हणजे संगीत.

कार्ट्रिज लावून बटण सुरू केले, की कंपनीचे नाव पडद्यावर वरून हळूहळू खाली येई. हे नाव कार्ट्रिजमधूनच वाचले जाई. यंत्र ते आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाही. एका बाइटचा जरी फरक पडला, तरी यंत्र तेथेच थांबे. कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्यांवर धूळ बसली, की नावाच्या जागी वेडेवाकडे ठिपके दिसत आणि खेळ सुरूच होत नसे.

धूळ पुसता येते. पण वय पुसता येत नाही. पट्ट्या गंजतात, चिपा बिघडतात. काही कार्ट्रिजांत नाण्याएवढा एक सेल असतो. खेळ कुठपर्यंत आला, ही नोंद त्या सेलच्या जोरावर टिकते. 1996 साली जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन' खेळाच्या कार्ट्रिजमध्ये असाच सेल होता. सेल संपला, की महिनोन्‌महिने खेळून जमवलेले सारे एका क्षणात जाते. पूर्ण खेळच नाहीसे होण्याची भीती तर आणखी मोठी आहे. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने 2023 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 2010 पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे तिला आढळले.

म्हणून कार्ट्रिजमधील मजकुराची प्रत काढून ठेवतात. त्यासाठी कार्ट्रिज एका वाचक यंत्रात बसवून ते संगणकाला जोडतात. वाचक यंत्र पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सर्व आकडे क्रमाने वाचते आणि त्यांची एक फाइल तयार करते. प्रत बरोबर आली का, हे बेरजेने तपासता येते. कार्ट्रिजमध्येच सर्व बाइटांच्या बेरजेची नोंद केलेली असते. फाइलमधील बेरीज तिच्याशी जुळली नाही, तर वाचताना कोठेतरी चूक झाली असावी, असे समजावे आणि पट्ट्या पुसून पुन्हा वाचावे.

पण नुसती फाइल संगणकाला समजत नाही, कारण तिच्यातील आज्ञा गेम बॉयच्या भाषेत असतात. येथे आपला दुभाषी कामाला येतो. एम्युलेटर एक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि तेच काम संगणकाकडून करून घेतो. मग पुढची आज्ञा घेतो. त्याला वेळही सांभाळावी लागते. गेम बॉयचे घड्याळ सेकंदाला सुमारे 42 लाख ठोके देई आणि पडदा सेकंदाला सुमारे 60 वेळा बदले. आजचा संगणक कितीतरी अधिक वेगवान असतो. एम्युलेटरने त्याला आवरले नाही, तर खेळ इतका जोरात पळेल, की खेळताच येणार नाही.

एम्युलेटर वापरताना दोन प्रकारच्या नोंदींतील फरक ध्यानात ठेवावा. खेळाने स्वतः केलेली नोंद ही 'सेव्ह फाइल'. ती बहुधा एका एम्युलेटरमधून दुसऱ्यात नेता येते. मात्र तिचे नाव खेळाच्या फाइलच्या नावाप्रमाणेच ठेवावे, नाहीतर अनेक एम्युलेटरांना ती सापडत नाही. दुसरी नोंद म्हणजे त्या क्षणी यंत्राची जी स्थिती असेल, तिचा जणू फोटो. ती सहसा त्याच एम्युलेटरमध्ये उघडते. म्हणून सेव्ह फाइलची एक प्रत नेहमी वेगळी ठेवावी.

प्रत काढणे सोपे असले, तरी हक्काचा प्रश्न उरतोच. लेखकाचा पुस्तकावर असतो, तसा खेळ बनवणाऱ्यांचा खेळावर हक्क असतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकाच्या प्रोग्रॅमला संरक्षण आहे. यंत्र जुने झाले, म्हणून हा हक्क संपत नाही. खेळांच्या फाइली परवानगीवाचून वाटणे किंवा विकणे हा गुन्हा ठरू शकतो. ज्यांना शिकायचे आहे, त्यांच्यासाठी चांगली वाट आहे. कित्येक हौशी लोक आजही गेम बॉयसाठी नवे खेळ तयार करतात आणि ते सर्वांना मोफत देतात. आधी अशा खेळांवर हात बसवावा. निन्टेन्डोनेही 2023 सालापासून आपल्या 'स्विच' या यंत्रावर गेम बॉयचे काही जुने खेळ उपलब्ध करून दिले. तेथेही हे काम एम्युलेटरच करतो.

चांगला दुभाषी आपल्या पदरचे काही घालत नाही आणि ऐकलेले काही गाळत नाही. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. एम्युलेटरचेही तसेच आहे. एखादे यंत्र कपाटात गंजून पडले असेल, त्याचे सुटे भागही मिळत नसतील. पण त्याच्या खेळाची अचूक प्रत आणि त्याची भाषा जाणणारा दुभाषी असेल, तर आजोबांनी लहानपणी खेळलेला खेळ नातवालाही जसाच्या तसा खेळता येईल.