मागचा बॉक्स आणि पुढचं चाक

पहाटे करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतल्या गावांतून कोल्हापूरकडे येणाऱ्या दूधवाल्यांच्या मोटारसायकली एकदा नीट पाहा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यांवर कॅन लटकवलेले असतात. वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ४१ किलो भरतं, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड. कॅनचं वजन वेगळंच. एवढं ओझं घेऊन गाडी खड्डे चुकवत, उसाच्या ट्रॉलीमागून वाट काढत निवांत शहरात शिरते. आता तशाच गाडीवर सीटच्या मागे बसवायचा प्लास्टिकचा टॉप बॉक्स दुकानातून आणा आणि त्याच्या आतल्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांवर ३ किंवा ५ किलोची मर्यादा असते. मोठ्या, भक्कम बॉक्सवर फार तर १०.

एकीकडे ४१ किलो बिनबोभाट चालतात आणि दुसरीकडे पाच-दहा किलोंना नाही म्हणतात. गाडी तीच, रस्ता तोच. बदलली आहे ती वजनाची जागा, आणि जागेत केवढी ताकद असते हे कळलं की मोटारसायकलकडे बघायची नजरच बदलते.

आधी लांबीचा हिशेब करू. समजा, गाडीच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १३५ सेंटिमीटर आहे आणि बॉक्सचा मध्य मागच्या चाकाच्या आसापासून ४० सेंटिमीटर मागे येतो. बॉक्स आणि सामान मिळून १० किलो. मागच्या चाकावर किती वजन वाढलं? कुणीही दहाच म्हणेल. खरं उत्तर आहे १३. हे वरचे तीन किलो आले पुढच्या चाकाकडून. मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेलं वजन सी-सॉसारखं काम करतं : मागचं टोक दाबलं की पुढचं उचललं जातं. म्हणजे सामान ठेवलं मागे, आणि ज्या चाकाने वळायचं, ज्या चाकाने ब्रेकचा मोठा भार घ्यायचा, ते पुढचं चाक तीन किलोने हलकं झालं. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना तर चढामुळेच वजन मागे सरकलेलं असतं. त्यात हा बॉक्स भर घालतो. दूधवाल्याचे कॅन मागच्या आसाच्या आसपासच लटकतात, त्यामुळे ते मागच्या चाकावर बसतात, पण पुढच्याला फारसं उचलत नाहीत.

दुसरा हिशेब उंचीचा. कॅनचा मध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर असतो, बॉक्सचा एक मीटरच्याही वर. गाडी एका बाजूला कलली की तेवढंच वजन वरून जवळजवळ दुप्पट ओढ लावतं. महाद्वार रोडच्या गर्दीत पाय टेकत टेकत गाडी काढताना ही ओढ हाताला जाणवते.

पण खरी नवलाची गोष्ट तिसरी आहे. गाडी डावी-उजवीकडे वळवताना वस्तूचं नुसतं वजन मोजून भागत नाही. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून ती किती लांब आहे, त्या अंतराचा वर्ग मोजावा लागतो. टाकीवरच्या बॅगेतली वस्तू गुरुत्वमध्यापासून २५ सेंटिमीटरवर आहे आणि तीच वस्तू मागच्या बॉक्समध्ये एक मीटरवर आहे असं धरा. अंतर चौपट झालं, पण वळण्याला होणारा विरोध सोळापट झाला! एक किलोचं कुलूप टाकीवर असतं तेव्हा गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. तेच कुलूप मागच्या टोकाला गेलं की वळणाची सुरुवात आणि शेवट दोन्ही जड करतं. वळायला सुरुवात केलेलं शेपूट थांबायलाही तयार नसतं.

ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं. त्या गणितातून गाडीच्या हलण्याचे वेगवेगळे प्रकार स्पष्ट झाले. त्यातला एक म्हणजे संपूर्ण गाडीचं सापासारखं डुलणं, सेकंदाला दोन ते चार वेळा, वेग वाढेल तसं जास्त. दुसरा म्हणजे फक्त हँडलचं जलद थरथरणं. मागे टोकाला वजन टांगलं की पहिला प्रकार बळावतो. पुढचं चाक हलकं झालं की दुसऱ्यालाही वाव मिळतो. बॉक्स बसवल्यावर साठच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला आणि हँडलवरची पकड सैल केली की हँडल थरथरतं, अशी तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. मेकॅनिक आधी हँडलच्या मुळाशी असलेला कोनसेट तपासतो, टायर तपासतो, आणि ते बरोबरच आहे, कारण सैल कोनसेट किंवा झिजलेला टायर हीच थरथर वाढवतात. पण ते ठीक असतील तर बॉक्स रिकामा करून पुन्हा चालवून पाहायला हवं. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

या बॉक्सच्या व्यवसायातलं जगातलं एक मोठं नाव म्हणजे इटलीतली गिवी कंपनी. तिचे संस्थापक जुझेप्पे विसेन्झी हे मोटारसायकल शर्यतींतले खेळाडू. १९६९ च्या जागतिक स्पर्धेत ३५० सीसी गटात ते तिसरे आले होते. १९७८ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि तिला आपल्या आद्याक्षरांवरून नाव दिलं. मागच्या टोकावरच्या एकेका किलोची किंमत ज्याने शर्यतीत भोगली, त्याच माणसाने पुढे सामानाचे बॉक्स बनवावेत, हे फार शोभून दिसतं. बॉक्सवर वजनाच्या मर्यादेसोबत वेगाचीही मर्यादा छापलेली असते, ती वेगाबरोबर वाढणाऱ्या डुलण्यामुळेच.

आता निवडीकडे. दुकानात बॉक्स लिटरवर विकला जातो : ३०, ४०, ५० लिटर. लिटर म्हणजे जागा, आणि जागा बघून आपण भरत सुटतो. इथेच सगळे फसतात. ४० लिटरच्या बॉक्समध्ये पाणी भरलं तर ४० किलो होईल. तो बॉक्स बनवलाय तो हेल्मेट, रेनकोट, स्वेटर, डबा अशा फुगीर पण हलक्या वस्तूंसाठी. आपल्या कोल्हापुरी गुळाचा दहा किलोचा एक रवा त्यात एका कोपऱ्यात मावेल, वर चपलांचे दोन जोडही बसतील, आणि मर्यादा केव्हाच ओलांडलेली असेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : एका हेल्मेटचा बॉक्स पुरत असेल तर दोन हेल्मेटचा घेऊ नये. मोठा बॉक्स स्वतःच जड असतो, त्याचा मध्य आणखी मागे जातो, वाऱ्याला जास्त अंग देतो, आणि रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

किलोचा विचार करताना साखळीतली सगळ्यात कमजोर कडी शोधायची. बॉक्सची मर्यादा एक, कॅरियरची दुसरी, आणि गाडीची तिसरी. रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात एकूण भार १३० ते १५० किलोच्या आसपास दिलेला असतो, आणि त्यात बसणारी माणसंही धरलेली असतात. ६५ किलोची दोन माणसं बसली की १३० तिथेच झाले.

कायद्यानेही जागेची दखल घेतली आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुचाकीवरच्या हलक्या बॉक्ससाठी मापं घातली : लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. बॉक्स मागच्या सीटच्या जागेवर असेल तर फक्त चालकाने बसायचं. सीटच्या मागे असेल तर दुसरी व्यक्ती बसू शकते. या मापांचा गुणाकार १४० लिटर होतो. घरपोच सेवेच्या मुलांच्या पाठीमागे दिसणारे मोठे बॉक्स आठवा. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाणार नाहीत, हेही पाहायला हवं.

बसवण्याच्या कामात कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ज्या शहराची कारखानदारी वाढली, यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव जिथे आजही आदराने घेतलं जातं, त्या शहराच्या उद्यमनगरात हवं तसं कॅरियर बनवून देणारा वेल्डर शोधावा लागत नाही. पण कॅरियरचा शत्रू वजनापेक्षा थरथर आहे. चार हजार फेऱ्यांवर चालणारं एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला चार हजार हिसके देतं. कोल्हापूरहून पुण्याला पोहोचायला चार तास धरले तर कॅरियरच्या प्रत्येक जोडाने जवळजवळ दहा लाख हिसके सोसलेले असतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेचे आस का मोडतात याचा शोध घेतला, तेव्हा कळलं की एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा लावला की पोलाद थकतं आणि तुटतं. चीर बहुधा भोकाच्या काठाला नाहीतर वेल्डिंगच्या कडेला सुरू होते. म्हणून वेल्डरला नुसता जाड पाइप लावायला सांगू नका. कोपऱ्याला त्रिकोणी पट्टी द्यायला सांगा. जोड गाडीच्या फ्रेमला वेल्ड करू नका, कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागाच वापरा. आणि वेल्डिंगची वेळ गाडीवर आलीच तर आधी बॅटरीच्या तारा काढा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा मेंदू इलेक्ट्रॉनिक आहे, वेल्डिंगचा करंट त्याला बिघडवू शकतो.

नटांची गोष्ट तर याहून अद्भुत. विसेन्झी शर्यतीत तिसरे आले त्याच १९६९ साली जर्मनीच्या गेरहार्ड युंकर यांनी एक यंत्र मांडून दाखवलं की बोल्टच्या आडवा हिसका बसत राहिला तर घट्ट आवळलेला नट हात न लावता आपोआप उलटा फिरत सुटतो. आपण मोठ्या विश्वासाने घालतो तो स्प्रिंग वॉशर अशा आडव्या हिसक्यापुढे फारसा टिकत नाही. नायलॉनची कडी असलेला नट टिकतो, किंवा आट्यांवर लावायचं निळं लॉकिंग द्रव्य. भोक पाडलेल्या प्लास्टिकखाली मात्र रुंद वॉशर नाहीतर पत्र्याची पट्टी हवीच, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो.

बॉक्सखालच्या बेस प्लेटला लांबट खाचा असतात, त्या पुढे-मागे सरकवण्यासाठी. मागे माणूस बसवा आणि त्याच्या पाठीला बॉक्स रुतणार नाही इतपत जागा सोडून प्लेट शक्य तितकी पुढे घ्या. ते चार-पाच सेंटिमीटर आधी सांगितलेल्या वर्गाच्या हिशेबात खूप मोलाचे आहेत. मागे बसणाऱ्याने मात्र बॉक्सला टेकून झोपायचं नाही. गाडी वेग घेते तेव्हा त्याच्या अंगाचा सगळा भार प्लेटच्या पुढच्या बोल्टना उपटायला बघतो. बॉक्स भरल्यावर मागचा शॉकअप एक-दोन खाचा कडक करा आणि मागच्या टायरमध्ये माहितीपुस्तकात दोन माणसांसाठी दिलेली हवा ठेवा. मागची बाजू खचली की हेडलाइटचा झोत वर उठतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

राहिला पाऊस. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका, आणि शहरात ऊन असताना निघालेला माणूस तासाभरात तिथल्या पावसात शिरतो. रबरी गॅस्केट शाबूत असूनही आतली कागदपत्रं दमट होतात, त्याचं कारण हवेत आहे. ४० लिटरच्या बॉक्समधली ४५ अंशांवर तापलेली हवा पावसात २५ अंशांवर आली की आक्रसते आणि बॉक्स बाहेरून सुमारे अडीच लिटर हवा आत ओढतो. ती ओढतो नेमकी झाकणाच्या फटीतून, जिथे पाणी साचलेलं असतं! खाली वळलेल्या ओठाचं झाकण असलेला बॉक्स म्हणूनच घ्यावा. तरीही कागद, मोबाइल, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच ठेवावीत.

बॉक्स बसवून झाल्यावर पहिल्या लांबच्या फेरीआधी तो भरलेला असताना दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. बॉक्ससोबत गाडी हलली पाहिजे, बॉक्स एकटा हलता कामा नये. शंभरेक किलोमीटर झाले की पाना घेऊन सगळे नट पुन्हा तपासा. आणि आंबा, फोंडा, आंबोली, कुठल्याही घाटाला निघताना एक साधा ताणकाटा वापरून सामान एकदा तोलून घ्या. जड वस्तू पाठीवर न घेता गाडीच्या दोन्ही बाजूंच्या, खाली लटकणाऱ्या बॅगांमध्ये भरा, आणि मागच्या बॉक्समध्ये फक्त रेनकोट ठेवा.