कार्डाच्या दारामागील कंट्रोलर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो की कोल्हापूर शहरातील एखादे इस्पितळ, जेथे कार्ड दाखवून किंवा बोट टेकवून दार उघडण्याची व्यवस्था आहे, तेथे दारावरचा खरा अंमल भिंतीवरील रीडरचा नसून आतल्या पेटीतील कंट्रोलरचा असतो. आणि त्याच्या प्रकृतीविषयी जे समज प्रचलित आहेत, ते बहुधा निदानाची दिशाच चुकवितात.

गैरसमज : संगणकावर कंट्रोलर ‘ऑनलाइन’ दिसतो, म्हणजे तो निर्दोष आहे.

वस्तुस्थिती : त्यावरून सर्व्हरशी दळणवळण चालू असल्याची तेवढी ग्वाही मिळते, कुलूप चालविणारा रिले झिजला आहे किंवा दाराचा सेन्सर अडकला आहे, हे त्यातून कळत नाही. वायगँड पद्धतीत कार्डाची माहिती रीडरकडून कंट्रोलरकडे अशी एकाच दिशेने जाते, त्यामुळे रीडर निकामी झाल्याची वार्ता कंट्रोलरला लागेलच असे नाही. ओएसडीपी पद्धतीत उभयपक्षी संवाद असल्याने ती लागते. म्हणून प्रत्येक दाराशी जाऊन वैध कार्ड, रद्द केलेले कार्ड, बाहेर पडण्याचे बटण आणि मुदतीबाहेर उघडे ठेवलेले दार अशी चतुर्विध परीक्षा घ्यावी, व प्रत्येक घटना योग्य वेळेसह दफ्तरी दाखल झाल्याची खातरजमा करावी.

गैरसमज : सर्व्हर बंद पडला की दारेही ठप्प होतात.

वस्तुस्थिती : बहुतेक कंट्रोलर कार्डांची यादी व नियम स्वतःच्या स्मृतीत बाळगून स्वतंत्रपणे निर्णय करतात आणि संपर्क पूर्ववत होताच साठलेल्या नोंदी रवाना करतात. जुनी कार्डे चालतात पण नवी चालत नाहीत, अशी तक्रार आली, तर प्रथम संशय या संपर्कावर घ्यावा.

गैरसमज : कंट्रोलर मध्येच बंद होऊन सुरू होतो, तेव्हा तो बदललाच पाहिजे.

वस्तुस्थिती : अशा वेळी दोष पुष्कळदा विजेच्या पुरवठ्यात सापडतो. कुलपाला वीज मिळते त्या क्षणी कंट्रोलरच्याच टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. पुरवठ्याचे १२ व्होल्ट तेथे लक्षणीय घसरत असतील, तर तार बारीक व लांब आहे किंवा पॉवर सप्लाय अपुरा आहे. डीसी कुलपाच्या वेटोळ्यातून वीज खंडित होताना उलट दाब उसळतो, त्याला आवरण्यासाठी डायोड आहे की नाही हेही पाहावे. चार्जरला जोडलेली जीर्ण बॅटरीसुद्धा साडेतेरा व्होल्ट दाखवू शकते. तिचे सामर्थ्य मुख्य वीज बंद करून, भार घालूनच कळते. भट्टीजवळच्या उष्णतेत लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि २०१९ व २०२१ साली जेथे महापुराचे पाणी शिरले, तेथे कंट्रोलरची पेटी तळमजल्याहून वर नेणे हाच खरा बंदोबस्त होय.

गैरसमज : वीज गेल्यावर दार बंद राहणे हीच सुरक्षितता.

वस्तुस्थिती : चुंबकीय कुलूप वीज जाताच सुटते, अन्य काही कुलपे बंदच राहतात. परंतु आगीच्या प्रसंगी सुटकेच्या मार्गावरील दार कंट्रोलरच्या प्रकृतीवर अवलंबून न राहता आतून उघडलेच पाहिजे, कारण प्राणरक्षणाचे मोल मालमत्तेच्या रक्षणाहून निर्विवाद अधिक आहे.

कारखानदारांना व व्यवस्थापकांना आग्रहाची विनंती अशी की, मूळ स्थितीवर रीसेट करण्याचा हुकूम देण्यापूर्वी नोंदी व मांडणी यांची प्रत काढून ठेवावी, वीज, तार, कुलूप, रीडर आणि शेवटी कंट्रोलर या क्रमाने तपास करावा, आणि मोजलेला प्रत्येक आकडा तारखेसह नोंदवहीत लिहावा.