दिवसाचं पाच ग्रॅम

ओळखीतल्या एका गृहस्थांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा घरचे पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘अहो, त्रास तर काहीच नव्हता.’ मूत्रपिंडाचं दुखणं असंच असतं. निम्म्याहून जास्त काम थांबलं तरी माणूस हिंडत-फिरत असतो. त्या टोकाला पोचण्याआधी काय करता येतं, ते बघायला मी जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका दवाखान्यात जाऊन बसले.

वजन, रक्तदाब, रिपोर्ट हे भराभर उरकतं. मग पेशंट आहारतज्ज्ञ ताईंपुढे येतो. टेबलावर मिठाची बरणी, एक ताटली आणि चहाचा चमचा. समोर गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका, जोडीला काकू. ‘आमच्याकडे मीठ कमीच असतं,’ काकू म्हणाल्या. ताईंनी वाद घातला नाही. भाजी-वरणात किती, ते काकूंनाच चमच्याने ताटलीत घालायला लावलं. मग विचारलं, लोणचं? पापड? संध्याकाळचं नमकीन? प्रत्येक ‘हो’ला ताटलीत आणखी चिमूट पडत गेली.

‘आणि हवं किती?’ ताईंनी चमचा सपाट भरून शेजारी ओतला. ‘पाच ग्रॅम. दिवसभराचं, सगळं धरून.’

काकू दोन्ही ढिगांकडे बघत राहिल्या. ‘सेंधा नमक तर चालेल ना, ताई?’

‘सैंधवही मीठच, काकू. आणि लो-सोडियम मीठ तर आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं.’ काकांच्या गोळीनेही पोटॅशियम वाढू शकतं. दोन्ही एकत्र आलं तर हृदयाला धोका.

ती गोळी टेल्मिसार्टन. या जातीची औषधं रक्तदाब उतरवतातच, शिवाय मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब कमी करून लघवीतून जाणारं प्रथिन रोखतात. मधुमेहींत याच जातीच्या लोसार्टनमुळे मूत्रपिंड जास्त काळ टिकतं, हे 2001 मध्येच दिसलं. पण मीठ भरपूर असेल तर गोळीचा जोर ओसरतो, म्हणून तो पाच ग्रॅमचा आग्रह.

गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून काढायचा कचरा, थोडं वाढू शकतं. लोक घाबरून गोळी सोडतात, नुकसान होतं ते तिथे. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालवून घेतात, एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासतात. डॉक्टरांनी काकांना मूळची मधुमेहाची गोळी डापाग्लिफ्लोझिनही लिहून दिली. 2020 च्या मोठ्या चाचणीत ती मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही उपयोगी ठरली आणि त्याच वर्षी भारतातलं मूळ पेटंट संपल्यावर स्वस्त झाली. गुडघेदुखीसाठीची डायक्लोफेनॅक मात्र मूत्रपिंडाला त्रासदायक म्हणून बंद. उलट्या-जुलाब झाले तर आधी फोन करायचा, कारण तेव्हा या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात.

ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज. ‘ईजीएफआर 48 आहे, आता वाढेल ना?’ काकांनी विचारलं. ‘वाढवायचा नाही, टिकवायचा आहे,’ डॉक्टर म्हणाले.

टिकवण्याचं हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या मते मात्र चिठ्ठीइतकंच मोल त्या ताटलीचं आहे. नुसती गोळी लिहून पेशंटला घरी पाठवणं हे अर्धंच औषध.

तुमच्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा दोन तपासण्या कराच, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. लघवीची फार वेळा राहून जाते. ती मागून करून घ्या.