चलन एक, तिजोऱ्या अनेक

गैरसमज : युरो आला आणि महागाई दुप्पट झाली.

1 जानेवारी 2002 रोजी युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या, तेव्हा जर्मनीत अनेकांना अगदी असंच वाटलं. एक युरो म्हणजे साधारण 1.96 मार्क. नव्या दरपत्रकात कॉफी, जेवण, केशकर्तन यांचे दर बऱ्याच ठिकाणी वरच्या आकड्याला नेऊन ठेवले गेले. रोज खिशातून जाणारा पैसाच डोक्यात राहतो. पण युरोस्टॅटच्या हिशेबानुसार चलनबदलामुळे त्या वर्षीच्या महागाईत पडलेली भर होती 0.1 ते 0.3 टक्के-अंश.

गैरसमज : उधळ्या देशांनी कर्ज करून ठेवलं, म्हणून युरो संकटात आला.

ग्रीसपुरतं हे बऱ्याच अंशी खरं. तिथल्या सरकारने तुटीचे खोटे आकडे दिले होते, हे 2009 मध्ये उघड झालं. पण तीच काठी स्पेन आणि आयर्लंडच्या पाठीत घालणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. 2007 मध्ये या दोन्ही देशांचा अर्थसंकल्प शिलकीचा होता. स्पेनचं सरकारी कर्ज जीडीपीच्या 40 टक्क्यांहून कमी होतं. उलट जर्मनी 60 टक्क्यांची ठरलेली मर्यादा ओलांडून बसला होता!

मग झालं काय? युरोपीय मध्यवर्ती बँक फ्रँकफर्टहून सगळ्यांसाठी एकच व्याजदर ठरवते. मंदावलेल्या जर्मनीला मानवणारा दर स्पेनसाठी फारच कमी ठरला. परदेशी बँकांचा स्वस्त पैसा आला, घरांच्या किमती भडकल्या, बांधकामं बेसुमार वाढली. 2008 नंतर हा ओघ आटला. 1992-93 च्या अडचणीत स्पेनने पेसेटाचं तीनदा अवमूल्यन करून निर्यात सावरली होती. आता तो मार्गच उरला नव्हता. मजुरी घटवणं आणि नोकऱ्या जाणं, एवढंच हाती राहिलं. 2013 मध्ये स्पेनमधली बेरोजगारी 26 टक्क्यांवर पोचली होती.

गैरसमज : व्याजदर सामाईक असला की चलन चालतं.

आपल्या रुपयाकडे पाहा. महाराष्ट्र आणि बिहार यांची अर्थव्यवस्था अगदी वेगळी, तरी चलन एक. हे निभावतं, कारण मागे केंद्राची तिजोरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना द्यायच्या करवाट्यात बिहारला सुमारे 10 टक्के हिस्सा दिला आणि महाराष्ट्राला 6.3. शिवाय कामासाठी माणूस पाटण्याहून पुण्याला येतो. याउलट युरोपीय संघाचं अंदाजपत्रक सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास. बुडत्या देशाला सावरायला तेवढं कसं पुरणार?

गैरसमज : जमलं नाही तर जुनं चलन परत आणावं.

2015 च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये या नुसत्या शक्यतेनेच ठेवीदार धास्तावले. उद्या जुना ड्रॅक्मा आला तर त्याची किंमत पडणार, म्हणून युरो आजच काढून घेतलेला बरा. त्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांची तातडीची मदत वाढवणं थांबवलं. बँका तीन आठवडे बंद राहिल्या, एटीएममधून दिवसाला 60 युरोच मिळत. कार्ड नसलेल्या निवृत्तांसाठी मोजक्या शाखा उघडल्या, तिथे 120 युरोंसाठी म्हातारी माणसं रांगेत ताटकळली. शिवाय देशाचं कर्ज युरोतच होतं. ड्रॅक्मा जितका घसरेल तितकं ते डोईजड होणार. 5 जुलैच्या सार्वमतात 61 टक्के लोकांनी मदतीचं कर्ज देणाऱ्यांच्या अटी धुडकावल्या. तरीही आठवडाभरातच सरकारने कठोर अटींसह तिसरं मदत-कर्ज पत्करलं. युरो सोडला नाही.