दोनदा तोडलेलं झाड

1893 साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, लुइझियाना नावाच्या नदीकाठच्या गावी, स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने फळांची स्पर्धा भरवली. हेतू सरळ धंद्याचा होता. त्या काळी अमेरिकी बाजारात 'बेन डेव्हिस' या सफरचंदाचं राज्य होतं. लाल, टणक, पिंपात भरून कितीही लांब पाठवलं तरी न डागाळणारं. त्याच्या जोरावर शेतकऱ्यांची कर्जं फिटत, त्यामुळे झाडं लावणारे खूश होते. खाणाऱ्यांच्या वाट्याला मात्र चव अशी काही येत नव्हती. तितकंच देखणं, पण तोंडात घातल्यावर समाधान देणारं फळ स्टार्क मंडळींना हवं होतं.

आलेल्या फळांत आयोवा राज्यातून आलेली काही लांबुळकी सफरचंदं होती. पिवळसर अंगावर लाल रेघा आणि तळाशी पाच ठळक उंचवटे. क्लॅरेन्स स्टार्क यांनी एक उचलून चावा घेतला आणि निकाल तिथेच लागला. 'डिलिशस' हे नाव त्यांनी आपल्या वहीत कधीपासून टिपून ठेवलं होतं, त्याला साजेसं फळ तेवढं मिळायचं होतं, असं सांगतात. अडचण एकच झाली. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता गडबडीत हरवला होता. अमेरिकेतलं सर्वांत जास्त विकलं जाणारं सफरचंद होऊ घातलेलं फळ हाती होतं, पण त्याचं झाड कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा भरली. 1894 मध्ये त्याच माणसाने पुन्हा तीच फळं पाठवली, आणि या वेळी पत्ता नीट जपला गेला.

तो माणूस जेसी हायट. आयोवाच्या मॅडिसन काउंटीतल्या पेरू गावचा, क्वेकर पंथाचा शेतकरी. 1870 नंतरच्या काही वर्षांत त्याच्या बागेत ओळ सोडून एक रोप आपसूक उगवलं. बाग ओळीत असावी असा त्याचा कटाक्ष, म्हणून त्याने ते छाटून टाकलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा फुटलं. त्याने पुन्हा छाटलं. तिसऱ्यांदा ते आधीपेक्षा जोमाने वर आलं, तेव्हा मात्र जगायचंच असेल तर जग, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून त्याने ते राखलं. दहाएक वर्षांनी फळ धरलं. हायटने त्याला आयोवाच्या टोपणनावावरून 'हॉकआय' म्हटलं. इतकं चवदार सफरचंद आपण दुसरं खाल्लेलं नाही, यावर तो ठाम होता. एकदा फळं पाठवून उत्तर न आल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवणारा हा शेतकरी नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. फळाचे हक्क स्टार्कनी विकत घेतले आणि हॉकआयचं 'डिलिशस' झालं. 1898 मध्ये हायट वारला. फळाचं खरं वैभव त्याने पाहिलं नाही.

सफरचंदाच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवी जात, आणि बहुतेक वेळा आंबट, किरकोळ फळांची. म्हणून ज्या झाडाची फळं हवीत त्याचाच डोळा दुसऱ्या खुंटावर भरावा लागतो. आज जगात डिलिशसचं जे जे म्हणून झाड उभं आहे, ते पेरूतल्या त्या दोनदा तोडलेल्या झाडाचंच लाकूड आहे.

स्टार्कनी इतर रोपांच्या मागणीसोबत डिलिशसची रोपं फुकट वाटली, जाहिरातींवर अफाट खर्च केला आणि वीस-पंचवीस वर्षांत देशभर बागा उभ्या केल्या. 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले काउंटीतून अँडरसन मलिन्स या शेतकऱ्याने त्यांना पिवळी सफरचंदं पाठवली. पॉल स्टार्क स्वतः तिथे जाऊन थडकले. 5000 डॉलरला त्यांनी ते एकच झाड आणि त्याभोवतीची 900 चौरस फूट जमीन विकत घेतली. कुणी काड्या चोरू नयेत म्हणून झाडाभोवती जाळीचा पिंजरा बांधून त्याला चोरघंटा लावली. हेच 'गोल्डन डिलिशस'. ते आल्यावर थोरल्याला 'रेड डिलिशस' म्हणायची पद्धत पडली. नाव सोडलं तर दोघांचं नातं जवळचं नाही, पण बागेत मात्र थोरल्याला धाकट्याची मदत लागते. त्याबद्दल पुढे.

या फळाची हिमालयात येण्याची कथा अमेरिकेतल्या कथेपेक्षा कितीतरी समृद्ध आहे, आणि ती एका माणसाभोवती फिरते.

सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांचा जन्म 1882 चा, फिलाडेल्फियाच्या सधन क्वेकर घरातला. वडिलांचा लिफ्ट बनवण्याचा कारखाना. मुलाने त्यात लक्ष घालावं ही घरच्यांची अपेक्षा होती, पण 1904 मध्ये, वयाच्या विशीत, तो भारतात आला तो सुबाथूच्या कुष्ठाश्रमात काम करायला. 1905 च्या कांगड्याच्या भूकंपानंतर मदतकार्यात राबला. काही काळ साधूसारखा राहिला. मग सिमल्याच्या पुढे, सतलजच्या खोऱ्यावर असलेल्या कोटगढ परिसरात त्याचा जीव रमला. 1912 मध्ये स्टोक्स यांनी तिथल्याच अॅग्नेस बेंजामिन यांच्याशी लग्न केलं आणि ठाणेधारजवळ बारोबाग इथे चहाचा जुना मळा विकत घेतला. घराला नाव दिलं 'हार्मनी हॉल'.

त्यांच्या आधी हिमाचलात सफरचंद नव्हतं असं नाही. 1870 च्या सुमारास कॅप्टन ली यांनी कुलूच्या बंदरोलमध्ये इंग्रजी जातींची बाग लावली होती. त्या पिपिन जातींना इंग्रज साहेबाच्या जिभेची आंबूस चव होती. इथल्या माणसाला गोड फळ हवं असतं, आणि स्टोक्स यांनी नेमकं हे हेरलं. 1916 मध्ये त्यांनी स्टार्क बंधूंकडून रेड डिलिशसची रोपं मागवली. 1921 मध्ये फिलाडेल्फियाहून आईने नाताळची भेट म्हणून गोल्डन डिलिशसची रोपं पाठवली. 1926 मध्ये बारोबागची सफरचंदं पहिल्यांदा विकली गेली. आपल्याकडची रोपं त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली आणि लावायला, छाटायला शिकवलं. लोक सहजी तयार झाले नाहीत. वावभर शेतात मका-गहू पिकवून पोट भरणाऱ्याला, सहा-आठ वर्षांनी फळणाऱ्या झाडासाठी धान्याची जमीन सोड म्हणणं सोपं नव्हतं.

लोकांनी अखेर ऐकलं, त्यामागे सफरचंदापलीकडचं कारण होतं. कोटगढवरून हिंदुस्थान-तिबेट रस्ता जातो. या रस्त्याने साहेब लोक शिकारीला, सहलीला, दौऱ्यावर निघत आणि त्यांचं सामान वाहायला गावकऱ्यांना धरून नेलं जाई. ही बेगार. पेरणी असो की कापणी, हुकूम आला की शेत टाकून निघायचं. स्टोक्स यांनी याविरुद्ध अर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिलं, पत्रकं काढली, गावं एकत्र केली. 1921 मध्ये कोटगढच्या लोकांनी ओझं उचलायला साफ नकार दिला आणि सरकारला बेगारीतून माघार घ्यावी लागली. त्यांच्यासाठी सरकारशी भांडलेला हा माणूस झाडं लावा म्हणत होता, म्हणून त्यांनी झाडं लावली. हिमाचलच्या सफरचंदाच्या इतिहासात रोपांची आयात तेवढी सांगितली जाते आणि बेगारीचा लढा तळटिपेत ढकलला जातो. हे अन्यायाचं आहे. बेगारीला धरून नेला जाणारा शेतकरी वर्षभर जपावी लागणारी फळबाग उभी करूच शकला नसता.

स्टोक्स इथवर थांबले नाहीत. 1920 च्या नागपूर काँग्रेसला ते कोटगढचे प्रतिनिधी म्हणून हजर होते, आणि अखिल भारतीय काँग्रेस समितीत बसलेले ते एकमेव अमेरिकी. अंगावर खादी होती. डिसेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याच्या वेळी त्यांना राजद्रोहावरून अटक झाली. सुटकेसाठी जामीन द्यायला त्यांनी नकार दिला आणि सहा महिने लाहोरच्या तुरुंगात काढले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यांच्याविषयी लिहिलं. 1932 मध्ये ते हिंदू झाले, सत्यानंद झाले. बारोबागला त्यांनी परमज्योती मंदिर बांधलं. 1946 च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याला सव्वा वर्ष उरलं असताना, ते गेले. त्यांची नात आशा शर्मा यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आहे. मराठीत या माणसावर स्वतंत्र, मोठं काम व्हायला हवं.

आज हिमाचलात एक लाखाहून जास्त हेक्टरवर सफरचंद आहे. त्यात वर्षानुवर्षं वरचष्मा राहिला तो 'रॉयल डिलिशस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिलिशसच्या जुन्या वाणाचा.

हे झाड लाड करून घेतं. हिवाळ्यात साधारण सात अंश सेल्सिअसखाली हजार-बाराशे तास थंडी मिळाली नाही, तर डोळे नीट फुटत नाहीत आणि बहर मागेपुढे होतो. बागवान एकमेकांशी बोलताना 'चिलिंग आवर्स'चा हिशेब पावसाच्या हिशेबासारखा मांडतात. डिसेंबर-जानेवारीत झाडाभोवती गोल आळी खणतात, त्याला तिकडे 'तौलिया' म्हणतात. मग शेणखत, छाटणी. एप्रिलमध्ये गुलाबी-पांढरा बहर येतो, आणि इथे गोल्डन कामाला येतं. डिलिशसला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. नुसती रेड डिलिशसची बाग लावली तर फुलं खूप आणि फळं तुरळक. मधे मधे गोल्डनची किंवा दुसऱ्या जातीची झाडं हवीत, आणि पराग वाहून न्यायला मधमाश्या हव्यात. बहराच्या दिवसांत मधुपेट्या भाड्याने आणल्या जातात. त्या पंधरवड्यात गारठा पडला, गारा आल्या किंवा सलग पाऊस लागला की माशी पेटीबाहेर पडत नाही आणि वर्ष हातचं जातं. 1982-83 मध्ये तर खपली रोगाने बागाच्या बागा काळवंडल्या होत्या.

डिलिशसची चव बिघडली कशी, याची सुरुवात एका फांदीपासून होते. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या एका बागेत डिलिशसच्या एका झाडाची एकच फांदी वेगळी वागू लागली. तिची फळं इतरांच्या कितीतरी आधी पूर्ण लाल होत. स्टार्कनी ती फांदी 6000 डॉलरला घेतली आणि 'स्टार्किंग' नावाने विकली. मग अशा फांद्यांचा शोधच सुरू झाला. पुढचा प्रत्येक वाण आधीच्यापेक्षा गडद, आधीच्यापेक्षा लवकर रंगणारा. यात खोट अशी की तोडणारा माणूस रंग बघून तोडतो. पूर्वी लाली चढायची तोवर फळातल्या पिठाची साखर झालेली असायची. आता लाली आधी आणि साखर मागाहून. त्यातच सालं जाड झाली. शीतगृहात प्राणवायू कमी करून फळं महिनोन्महिने ठेवता येऊ लागली, तेव्हा बाहेरून तुकतुकीत आणि आतून भुगा, हे डिलिशसचं लक्षणच होऊन बसलं.

1980 च्या दशकात वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदांत जवळजवळ तीन चतुर्थांश रेड डिलिशस होतं. ग्राहक हळूहळू सरकले. 1990 च्या दशकाअखेरीस बागाईतदार इतके बुडाले की अमेरिकी सरकारला मदतीचा कायदा करावा लागला. बेन डेव्हिसची जागा घ्यायला आणलेलं फळ स्वतःच बेन डेव्हिस झालं. त्याला गादीवरून उतरवणारीही घरचीच. जपानचं 'फुजी' हे रेड डिलिशसचंच अपत्य. न्यूझीलंडचं 'गाला' हे गोल्डन डिलिशसचं अपत्य, आणि दुसऱ्या बाजूने रेड डिलिशसचं नातवंड. 2018 मध्ये अमेरिकेत गालाने डिलिशसला उत्पादनात मागे टाकलं.

उरलेलं रेड डिलिशस कुठे खपतं, तर मोठ्या प्रमाणावर भारतात. 2019 मध्ये अमेरिकी सफरचंदांवर वीस टक्के जादा कर बसला तेव्हा वॉशिंग्टनचे बागाईतदार हवालदिल झाले. 2023 मध्ये तो कर उठला. मोसम नसताना वाशीच्या फळबाजारात दिसणाऱ्या, स्टिकर लावलेल्या, गडद किरमिजी परदेशी फळांपैकी पुष्कळशी याच जातीची असतात. आपला ग्राहक रंगाला भुलतो हे त्या बागाईतदारांना पक्कं माहीत आहे.

हिमाचलच्या बागवानांनाही ते माहीत आहे, आणि काळजी वाटते ती इथेच. गेल्या काही वर्षांत कोटगढ, रोहडू, जुब्बल भागात जुनी रॉयलची झाडं काढून 'सुपर चीफ', 'जेरोमाइन', 'स्कार्लेट स्पर' असे गडद रंगाचे ठेंगणे वाण लावले जात आहेत. कारणं खरी आहेत. हिवाळे उबदार होत चालले, कमी उंचीवर रॉयलला रंग चढत नाही, आणि मंडईत फिक्या पेटीचा भाव पडतो. बागवानाला दोष देणं सोपं आहे, पण फिक्या फळाला नाक मुरडणारं गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात बसलेलं आहे. अमेरिकेने सत्तर वर्षांत केलेली चूक आपण वीस वर्षांत करायला निघालो आहोत, आणि तीही पुढचा निकाल माहीत असताना. स्टोक्स यांनी 1916 मध्ये आणलेली रोपं स्टार्किंगच्या आधीची होती, म्हणजे हायटच्या रेघांच्या फळाशी नातं सांगणारी. त्या जुन्या झाडांच्या काड्या जतन करणं हे विद्यापीठांनी आणि बागवानांनी मिळून आजच करायचं काम आहे.

मोसमातलं, उंचावरचं, झाडावर पिकलेलं रॉयल ज्याने खाल्लं आहे, तो या फळाला पचपचीत म्हणणार नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत वाशीत, पुण्याच्या मार्केट यार्डात हिमाचलचा माल येतो. तेव्हा गडद, एकसारख्या लाल फळांच्या राशीत हात घालू नये. रेघा दिसणारं फळ घ्यावं. देठाजवळचा खळगा पाहावा: तो हिरवा असेल तर फळ कोवळं तोडलेलं, पिवळसर साईच्या रंगाचा असेल तर पिकलेलं. हातात जड लागावं, टिचकी मारली तर भरीव आवाज यावा, आणि नाकाशी नेल्यावर वास यावा. वास नसेल तर चवही नसते. घरी आणल्यावर फळं पिशवीत बांधून थंडपेटीत, भाज्यांपासून दूर ठेवावीत, कारण सफरचंदातून निघणाऱ्या वायूने पालेभाजी पिवळी पडते. शिजवायला मात्र डिलिशस घेऊ नये, त्याचा लगदा होतो. त्यासाठी गोल्डन चांगलं. रॉयल सालीसकट, गार करून, कापल्या कापल्या खावं. आणि फळवाल्याकडे रेघांचा माल मुद्दाम मागावा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला की तो अडत्याला सांगतो, आणि अडत्याचा निरोप कोटगढपर्यंत एका फोनवर पोचतो.